कासवांचा हिशेबनीस : आर्ची कार

आमचे मूळ घर डिचोलीचे, आजोळ पेडणे तालुक्यातील मोरजीचे आणि बिऱ्हाड बेळगावचे. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि आजोळी कोकणी अशा वातावरणात मी वाढले. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करीत मोरजीला पोहोचले की माझी सुट्टी सुरू होते. गेल्या वर्षी श्रावणातल्या अशाच एका सुट्टीत जे घडले, त्यामुळे एका परदेशी माणसाचे चरित्र वाचण्याची बुद्धी मला झाली. त्या माणसाची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या दिवशी सकाळी समुद्र फार खवळलेला होता. शापोरा नदीच्या मुखाजवळ, टेंबाच्या बाजूला, दहा-पंधरा माणसे जमलेली दिसली. मध्ये एक मोठे कासव पडले होते. ऑलिव्ह रिडले जातीचे. त्याच्या पुढच्या एका परावर निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा इतका घट्ट आवळला होता की मांस कापून आतले हाड दिसत होते. एका मुलाने चाकूने जाळे कापले आणि आम्ही सर्वांनी मिळून कासवाला पाण्यात ढकलले. लाटेने ते परत आणून टाकले. आम्ही पुन्हा ढकलले. ढकलणाऱ्यांत मीही होते आणि आपण मोठे पुण्यकर्म करीत आहोत अशी माझी समजूत होती. तेवढ्यात मामा आला आणि आम्हां सर्वांवर ओरडला.

कासव हवेत श्वास घेणारा प्राणी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ते फुप्फुसांनी श्वास घेते. दमलेल्या आणि जखमी कासवाला वर येऊन श्वास घेण्याचे त्राण नसते. त्याला पाण्यात लोटणे म्हणजे बुडवणेच. मामाने त्याला सावलीत घेतले, ओले पोते पाठीवर घातले, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या, गर्दीला मागे सारले आणि वनखात्याला कळवले. खात्याची माणसे येऊन त्याला घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी ते मेल्याचे कळले. मी रडले. मामा मात्र बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने आपणहून सांगितले की लहानपणी त्याने याच वाळूतून कासवांची अंडी पाटी पाटी भरून नेली होती. घरी खाल्ली होती आणि उरलेली विकलीही होती. त्या काळी त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे.

अंडी विकणाऱ्या मुलाचा कासव राखणारा माणूस कसा झाला, हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. बेळगावला परतल्यावर प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मी तो विचारला, तेव्हा त्यांनी आर्ची कार हे नाव सांगितले.

आर्चिबॉल्ड फेअर्ली कार यांचा जन्म १६ जून १९०९ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि त्यांना शिकारीचा व मासेमारीचा नाद होता. आई पियानो शिकवीत असे. रानावनाची ओढ मुलाला वडिलांकडून मिळाली आणि नादाची जाण आईकडून. महाविद्यालयात त्यांनी आधी इंग्रजी साहित्य हा विषय घेतला होता. तरुणपणीच हाडाच्या एका दुखण्याने त्यांना गाठले, अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि एक हात कोपरात कायमचा आखडला. पुढे ते फ्लोरिडा विद्यापीठात आले आणि साहित्य सोडून प्राणिशास्त्राकडे वळले. १९३७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या विद्यापीठाची प्राणिशास्त्रातील ती पहिलीच डॉक्टरेट होती. साहित्याचा संस्कार मात्र कायम राहिला. शास्त्रज्ञाने लिहिलेले शास्त्रज्ञानेच वाचावे, असे त्यांच्या लेखनाबाबत कधी झाले नाही.

त्याच वर्षी मार्जोरी हॅरिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या स्वतः प्राणिशास्त्राच्या पदवीधर होत्या. पण स्त्री असल्यामुळे संशोधनाची दारे त्यांना सहज उघडली नाहीत. पाच मुलांचा संसार सांभाळून त्यांनी पुढे फ्लोरिडा राज्याच्या आरपार खोदल्या जाणाऱ्या कालव्याविरुद्ध लोकांची मोट बांधली. त्या कालव्यात एका सुंदर नदीचा बळी जाणार होता. १९७१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या कालव्याचे काम थांबवले. पतीने समुद्र राखला आणि पत्नीने नदी राखली, असे हे घर होते.

१९४५ ते १९४९ या काळात कार दांपत्य मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात राहिले. तिथल्या एका शेतकी विद्यालयात कार शिकवीत असत. पुस्तकात न सापडणारे ज्ञान कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी असते, हे त्यांनी जाणले होते. १९५२ साली त्यांचा कासवांवरील मोठा संदर्भग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विद्वानांत त्यांचे नाव झाले. पण तो ग्रंथ लिहितानाच त्यांच्या ध्यानात आले होते की समुद्री कासवांविषयी माणसाला जवळजवळ काहीच माहिती नाही. ती कुठून येतात, कुठे जातात, किती वर्षांनी अंडी घालतात, पिल्ले समुद्रात शिरल्यावर कुठे नाहीशी होतात, यांपैकी एकाही प्रश्नाला खात्रीचे उत्तर नव्हते.

आपल्या मोरजीला येणाऱ्या रिडलेच्या चुलत बहिणीने तर त्यांना वर्षानुवर्षे चकवले. केम्प्स रिडले ही जात मेक्सिकोच्या आखातात आढळते. मच्छीमारांच्या जाळ्यांत ती सापडे, पण तिला अंडी घालताना कुणी पाहिले नव्हते. कोळी म्हणत, हे दोन जातींच्या संकरातून झालेले वांझ कासव असावे. कार यांना ते पटेना. जवळजवळ वीस वर्षे ते किनाऱ्यामागून किनारे धुंडाळीत राहिले. अखेर १९६१ साली उत्तर मिळाले, तेही दुसऱ्याच्या हातून. मेक्सिकोतील एका अभियंत्याने १९४७ साली एका निर्जन किनाऱ्यावर काढलेली फिल्म एका शास्त्रज्ञाच्या हाती आली. भर दिवसा हजारो रिडले वाळूवर चढून अंडी घालीत असल्याचे तीत दिसत होते. चौदा वर्षे ती फिल्म अशीच पडून होती. आपल्याला न मिळालेले यश दुसऱ्याला मिळाले म्हणून कार खट्टू झाले नाहीत. उलट त्या शोधाचा आनंद त्यांनी मोकळ्या मनाने मांडला.

त्यांचे स्वतःचे खरे कार्यक्षेत्र ठरले ते कोस्टा रिका देशातील तोर्तुगेरो. नावाचा अर्थच कासवांचे ठिकाण. काळ्या वाळूचा सुमारे ३५ किलोमीटरांचा हा किनारा. हिरव्या कासवांच्या माद्या इथे रात्री अंडी घालायला येत आणि पाळतीवर असलेली माणसे त्यांना उलटे करून ठेवीत. उलटे पडलेले कासव वाळूवर हलू शकत नाही. सकाळी होड्या येत आणि ती जिवंत कासवे मांसासाठी नेत. पूर्वी कॅरिबियन समुद्रात या कासवांचे थवेच्या थवे होते. कार तिथे पोहोचले तेव्हा बहुतेक किनारे ओस पडले होते आणि तोर्तुगेरोचीही तीच वाट लागणार हे दिसत होते.

इथे कार यांनी जे केले, ते मला वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून विशेष भावले. त्यांनी आधी भाषण केले नाही, आधी खातेवही उघडली. १९५५ साली त्यांनी माद्यांना क्रमांक असलेले धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. पहिले बिल्ले कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून तारेने बांधले होते. ते टिकले नाहीत, समागमाच्या वेळी नराच्या धडपडीत निखळून पडत. मग गुरांच्या कानाला लावतात तसले बिल्ले आणून पुढच्या पराला चिमटवले. ते टिकले. बिल्ल्यावर इंग्रजी व स्पॅनिश भाषांत लिहिले होते की तो विद्यापीठाला परत पाठवणाऱ्यास बक्षीस मिळेल. बक्षीस होते पाच डॉलर.

जरा विचार करा. बिल्ला कोण परत करणार? ज्याने ते कासव पकडले, बहुधा मारले, तोच. म्हणजे कासव वाचवू पाहणारा माणूस कासव मारणाऱ्याच्या हातावर पाच डॉलर ठेवीत होता. कुणाला हे विपरीत वाटेल. पण कार यांचा हिशेब निराळा होता. मारणाऱ्याला शिव्या देऊन एकही बिल्ला परत आला नसता. पाच डॉलरमुळे दूरदूरच्या किनाऱ्यांवरून बिल्ले येऊ लागले आणि सर्वांत जास्त आले ते निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून. तिथल्या समुद्रातील गवताच्या कुरणांत ही कासवे चरतात आणि अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहून तोर्तुगेरोला येतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

या खातेवहीतून आणखी एक गोष्ट निघाली. मादी दरवर्षी येत नाही. ती साधारण दोन, तीन किंवा चार वर्षांनी येते, पण येते ती त्याच किनाऱ्यावर. शिवाय पिल्लाला वयात यायला कित्येक वर्षे लागतात. आता याचा ताळेबंद मांडून पाहा. आज एखाद्या गावाने किनाऱ्यावरची सगळी अंडी नेली, तरी पुढच्या वर्षी माद्या येतील. त्याच्या पुढच्या वर्षीही येतील. गाव म्हणेल, पाहा, काही कमी झाले नाही. खरे तर व्याज समजून आपण मुद्दलच खात असतो आणि ते कळते दिवाळे निघाल्यावर. मामाच्या लहानपणी मोरजीत नेमके हेच होत होते. मामा वाईट नव्हता. त्याच्यापुढे ताळेबंद कुणी मांडलाच नव्हता.

१९५६ साली कार यांचे ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅरिबियन किनाऱ्यांवरची भटकंती, तिथली माणसे आणि नाहीशी होत चाललेली कासवे यांचे ते चित्रण आहे. जोशुआ पॉवर्स नावाच्या एका वाचकाला ते इतके भिडले की त्याने त्याच्या प्रती आपल्या मित्रांना वाटल्या. त्यातून हिरव्या कासवासाठी एक मित्रमंडळ उभे राहिले आणि १९५९ साली त्याची रीतसर संस्था झाली. निव्वळ समुद्री कासवांसाठी झटणारी ती जगातील सर्वांत जुनी संस्था समजली जाते. एका पुस्तकाच्या वाचनातून एवढे काम उभे राहावे, ही गोष्ट ग्रंथालयात पेंगणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कार यांचे सगळेच बेत फळाला आले असे मात्र नाही. १९६०च्या दशकात त्यांनी एक भव्य योजना हाती घेतली. तोर्तुगेरोची हजारो पिल्ले अमेरिकी नौदलाच्या विमानांतून कॅरिबियनमधील ओस पडलेल्या किनाऱ्यांवर नेऊन सोडण्यात आली. तिथे ती मोठी होऊन परततील आणि नव्या वसाहती वसतील अशी आशा होती. विमाने उडाली, वर्तमानपत्रांत वर्णने आली, लोकांत जागृतीही झाली. पण नव्या वसाहती वसल्याचा पुरावा मिळाला नाही. जे टिकले ते साधे, कंटाळवाणे काम : तोच किनारा, त्याच रात्री, तीच मोजणी. १९७५ साली कोस्टा रिकाच्या सरकारने कायदा करून तोर्तुगेरोचे राष्ट्रीय उद्यान पक्के केले आणि पुढील दशकांत तिथल्या घरट्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. पूर्वी कासवांच्या मांसावर जगणारे गाव आज कासवे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांवर जगते. मेलेल्या कासवापेक्षा जिवंत कासव अधिक मिळवून देते, हे त्या गावाला कळले.

व्यापाराच्या बाबतीतही कार डोळस होते. १९६८ साली केमन बेटांवर कासवे पाळून विकण्याचा कारखाना निघाला. पाळीव माल बाजारात आला की रानातली कासवे वाचतील, असे त्याचे समर्थन होते. वरवर पाहता हे पटते. पण कार यांनी त्यास विरोध केला. पाळीव मालाने बाजारपेठ वाढेल, गिऱ्हाइकाला चटक लागेल आणि वाढलेली मागणी चोरटी शिकार पुरवील, असे त्यांचे म्हणणे होते. मागणी आणि पुरवठा यांवर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहितो. पण पुरवठा वाढवल्याने मागणीच वाढेल, हा धोका एका प्राणिशास्त्रज्ञाने ओळखावा याची मला गंमत वाटली.

अखेरच्या वर्षांत ते पिल्लांच्या कोड्याकडे वळले. वाळूतून निघून समुद्रात शिरलेली पिल्ले कुठे जातात? कार यांनी माग काढला, तो खोल समुद्रात तरंगणाऱ्या शेवाळाच्या पट्ट्यांपर्यंत. जिथे दोन प्रवाह भेटतात तिथे हे शेवाळ जमते आणि त्याच्या आडोशाला पिल्ले वाढतात. पण त्याच पट्ट्यांत त्यांना दुसरेही काही दिसले : डांबराचे गोळे, प्लॅस्टिकचे तुकडे, जाळ्यांची लक्तरे. जे प्रवाह पिल्लांना अन्न आणून देतात, तेच माणसाचा कचराही आणून देतात आणि पिल्लाला त्यातला फरक कळत नाही. या न कुजणाऱ्या कचऱ्यावरील त्यांचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २१ मे रोजी फ्लोरिडातील मिकानोपी गावाजवळ, तळ्याकाठच्या आपल्या घरी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

हा शेवटचा भाग वाचताना मोरजीचे ते निळे जाळे माझ्या डोळ्यांपुढे आले. समुद्रात सुटलेले किंवा टाकून दिलेले जाळे वर्षानुवर्षे कुजत नाही आणि धन्यावाचून शिकार करीतच राहते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा अशी जाळी आणि त्यांत गुरफटलेले जीव आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. आणि दोष काही एकट्या कोळ्यांचा नाही. डिचोलीच्या आमच्या घराजवळून नदी वाहते. पुलावरून पिशव्या भिरकावणारे लोक मी पाहिले आहेत. ती नदी मांडवीला मिळते आणि मांडवी समुद्राला. समुद्रकिनारा नसलेल्या गावाचाही समुद्राच्या हिशेबात वाटा आहे.

कार यांनी उघडलेली खातेवही आता आपल्याकडेही चालू आहे. मोरजीत १९९०च्या दशकापासून वनखाते गावातल्या तरुणांना हाताशी धरून घरटी राखते. मामा त्यांतलाच एक. पूर्वी ज्या नजरेने तो अंडी शोधी, त्याच नजरेने आता राखणीसाठी घरटे शोधतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली हेच काम सुरू केले आणि आज तिथे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक दुरून येतात. डहाणूला तर जखमी कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. पर तुटलेली, पाण्यावर नुसतीच तरंगणारी कासवे तिथे ठेवून, बरी करून मग समुद्रात सोडतात. आणि २०२५ साली गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका रिडलेच्या परावर बिल्ला आढळला. तो तिला २०२१ साली पूर्व किनाऱ्यावर, ओडिशात लावलेला होता! मादी त्याच किनाऱ्यावर परतते हा कार यांच्या हिरव्या कासवांचा नियम आपली रिडले तितका काटेकोर पाळत नाही, हे त्यांच्याच बिल्ल्याच्या पद्धतीने दाखवून दिले. खऱ्या हिशेबनिसाला याचा रागच काय, उलट आनंदच झाला असता.

कार हे जखमी कासवांचे वैद्य नव्हते. एका कासवाला वाचवणे हे मोठेच काम, पण ते जखमी का झाले आणि त्याच्यामागे किती उरली, हे विचारणे हे दुसरे काम. कार यांनी हे दुसरे काम जन्मभर केले. आपल्याला दोन्ही करायची आहेत. तेव्हा वाचक मित्रमैत्रिणींनो, सहलीला गोव्यास किंवा कारवारकडे जाल आणि किनाऱ्यावर असे कासव आढळले, तर मी केली ती चूक करू नका. त्याला पाण्यात ढकलू नका. सावली करा, कवचावर ओले कापड घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, गर्दी व कुत्री दूर ठेवा आणि वनखात्याला किंवा किनाऱ्यावरील जीवरक्षकांना ताबडतोब कळवा. डॉल्फिन असेल तर त्याच्या डोक्यावरील श्वासाच्या छिद्रात पाणी वा वाळू जाऊ देऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जीवांना कडक संरक्षण आहे, तेव्हा त्यांना घरी नेण्याचा विचारही करू नका.

या डिसेंबरात मी मोरजीला गेले होते. रात्री मामाबरोबर किनाऱ्यावर चालले. दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही असा त्याचा दंडक. त्या रात्री कासव आले नाही. परत आल्यावर मामाने खिशातली वही काढली, तारीख घातली आणि पुढे शून्य लिहिले. शून्यसुद्धा लिहावे लागते, असे तो म्हणाला. आर्ची कार हे नाव त्याने माझ्याकडूनच प्रथम ऐकले. पण त्यांची विद्या त्याला आधीच आलेली आहे, असे मला वाटले.